तळ्याकाठी तंबूत पाच रात्री: मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या पुणेकर आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या जुलैत आम्ही दोघं, लेक-जावई आणि दोन नातवंडं असे सहाजण मिनेसोटा राज्यात लेक सुपीरिअरच्या काठी पाच रात्री तंबूत राहिलो. कोथरूडला परत आल्यापासून टेकडीवर, भाजीवाल्यापाशी, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच ते प्रश्न. शेवटी हे म्हणाले, "एकदा लिहूनच टाक, म्हणजे मला ऐकावं लागणार नाही." तेव्हा ज्यांना तिकडून "आई, या वेळी कॅम्पिंगला जायचं हं" असा फोन आलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तळं म्हणजे केवढं? पवना धरणाएवढं?

पवना विसरा. क्षेत्रफळाने हे जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं तळं, सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर. पाच पुणे जिल्हे बुडतील आणि वर थोडी जागा उरेल. समोरचा काठ दिसत नाही, लाटा येतात, क्षितिजावर जहाजं असतात, आणि ओंजळीतलं पाणी मात्र गोडं. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. अमेरिकेची मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही तीन राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत त्याच्या काठाला आहेत. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला गिचिगामी म्हणतात, म्हणजे मोठं पाणी.

पुणेकराला मात्र टीएमसीत सांगितल्याशिवाय पाणी कळत नाही. ह्यांनी तिथेच, पेपर नॅपकिनवर हिशोब मांडला: सुमारे १२,१०० घन किलोमीटर पाणी, म्हणजे ४ लाख २७ हजार टीएमसी. आपली खडकवासला साखळी, चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच्या आसपास. चौदा हजार पटींहून जास्त! एवढं होऊनही रोज सकाळी मोबाइलवर पाहायचे काय, तर पानशेत किती टक्के भरलं.

या वयात तंबूत? गुडघ्यांचं काय?

पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढायचा, असं काही नसतं. सरकारी पार्कात आखून दिलेली जागा मिळते. गाडी तिथपर्यंत जाते, लाकडी टेबल-बाक असतं, शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं. बाकी सगळं आपण न्यायचं.

त्रास होतो तो जमिनीवरून उठताना, आणि तोही रात्री. त्यासाठी पुण्यातच महिनाभर आधी सवय करा. रोज सतरंजीवर बसून काही न धरता उठायचं. मला पहिल्या आठवड्यात सोफ्याचा पाय धरावा लागत होता, निघेपर्यंत जमायला लागलं. ह्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून पहिल्या रात्रीनंतर त्यांच्यासाठी घडीची खाट घेतली. त्यात काही कमीपणा नाही.

एक सांगते, ते जरा मनावर घ्या. पाहुणे म्हणून जाऊ नका. पहिल्या दिवशी लेकीने आम्हाला घडीच्या खुर्च्यांत बसवलं आणि दोघं नवराबायको तास-दीड तास राबत होते. आम्ही आपले "काही मदत करू का" विचारतोय, ते "नको आई, तुम्ही बसा" म्हणतायत. बसून बसून थंडी वाजायला लागली आणि आपण सामानापैकीच एक आहोत असं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी न विचारता स्टोव्हचा ताबा घेतला, ह्यांनी पाणी आणि लाकडं. तिथून पुढे सहल आमची झाली.

बुकिंग कधी करायचं?

हे मुलांचं काम, पण तुम्ही मागे लागा. मिनेसोटाच्या सरकारी पार्कांचं आरक्षण १२० दिवस आधी उघडतं. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार लगेच जातात. आम्हाला सलग पाच रात्री एका ठिकाणी मिळाल्याच नाहीत. तीन गूजबेरी फॉल्सला, दोन पुढच्या पार्कात. मध्ये तंबू उपटून पुन्हा ठोकावा लागला. विमानाची तिकिटं काढायच्या आधी हे बघा, नंतर नव्हे.

जुलै म्हणजे उन्हाळाच ना? मग स्वेटर कशाला?

मीही हेच म्हणाले होते. दोन कॉटनचे ड्रेस आणि एक शाल घेऊन निघाले. निघताना लेकीच्या गावी, मिनीॲपोलिसला, ३२ अंश होते, घाम येत होता. साडेतीन-चार तासांनी काठावर गाडीचं दार उघडलं तर १४! तळ्याचं पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की वारा तिकडून आला की काठावरची हवा पार बदलते. तिथल्या हवामानाच्या बातम्यांत 'तळ्याजवळ थंड' हे शब्द कायमचेच. पहिल्या रात्री मी दोन्ही ड्रेस एकावर एक घातले, वर जावयाचं जॅकेट, आणि तरी कुडकुडत होते.

ह्यांनी महाबळेश्वरला घेतलेली माकडटोपी आणली होती. घरून निघताना तिच्यावरून मी काय काय बोलले होते ते आता लिहीत नाही. दुसऱ्या रात्री ती माझ्या डोक्यावर होती.

तेव्हा कपडे असे: आतून घालायचं थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं. पायमोजे भरपूर, आणि झोपायचे वेगळे ठेवा, ते दिवसा घालू नका. कॉटन भिजलं की वाळत नाही आणि अंगाला गार लागतं. साडी नेलीत तर ती मिनीॲपोलिसच्या देवळापुरती.

दिवस मात्र लांबच लांब. जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळतो रात्री नऊनंतर. आमचं जेवण साडेआठला उजेडातच व्हायचं आणि नातवंडं "अजून रात्र झाली नाही" म्हणून झोपायला तयार नसायची. त्यांच्याशी वाद कसा घालणार?

संडास-बाथरूमची सोय?

सगळ्यांना विचारायचं असतं हेच, बाकीचं नमनाला घडाभर तेल. म्हणून सविस्तर.

आम्ही राहिलो तिथे पक्की इमारत होती: फ्लशचे संडास, बेसिन, गरम पाण्याचे शॉवर, बायका-पुरुषांचे वेगळे. स्वच्छ होती, आपल्या हायवेवरच्या कुठल्याही सोयीपेक्षा पुष्कळ स्वच्छ. सगळे कमोडच, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नाही. पाणी मात्र नाही, कागद. एक लिटरची रिकामी बाटली पिशवीत टाका आणि बेसिनवर भरून आत न्या. कोणी बघत नाही. शॉवरसाठी रबरी सपाता न्या, आणि कपडे अडकवायला एकच हुक असतो म्हणून खांद्याला अडकवायची कापडी पिशवी.

काही पार्कांत, विशेषतः पायवाटांच्या तोंडाशी, नुसते खड्ड्याचे संडास असतात. खाली खोल टाकी, वर सीट. वास येतो. झाकण पाडून बाहेर या, विचार करू नका.

जागा निवडताना लेकीला सांगा: इमारतीपासून शंभरएक पावलांवरची घे. अगदी लागून घेतली तर रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. लांब घेतली तर रात्री दोनला तुम्हीच तिला शिव्या घालाल.

रात्रीसाठी कपाळाला बांधायचा टॉर्च प्रत्येकी एक. हातातला चालत नाही, कारण एका हातात बाटली, दुसऱ्याने तंबूची चेन ओढायची. चेन उघडली की बाहेर पडून लगेच बंद करा, नाहीतर डास आत. तिसऱ्या रात्री मी परत येताना टॉर्च विझवून उभी राहिले. झाडांच्या वर आकाशगंगा दिसत होती, आणि खाली गोट्यांच्या काठावरून लाट मागे सरकताना कोणीतरी तांदूळ सुपात घोळवावेत तसा आवाज येत होता. मग आतून ह्यांची हाक आली, "सापडला का तंबू?"

झोप लागते का?

पहिल्या रात्री नाही. आम्हा दोघांना एकच हवेची गादी दिली होती. एकाने कूस बदलली की दुसरा उडतो. पहाटे तीनला ती हळूहळू बसली आणि आम्ही दोघं मधल्या खळग्यात एकमेकांवर. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर हे बरं नव्हे. वेगवेगळ्या गाद्या मागा. जमिनीला उतार असेल तर डोकं चढाकडे ठेवा. आणि तंबूच्या भिंतीला सामान टेकवून ठेवू नका. पाऊस झाला, निदान दवाने आतून ओल धरली, की जे टेकलेलं असेल ते भिजतं. माझी शाल भिजली.

खायचं काय?

इथे आपण त्यांच्या दहा पावलं पुढे आहोत. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, कुळथाचं पीठ, चिवडा: आपल्या आज्यांनी कॅम्पिंगचा विचार करूनच हे पदार्थ केले असावेत. न्यायला सोपं, टिकतं, आणि एका भांड्यात होतं.

लेकीकडे त्यांचा तो कास्ट आयर्नचा तवा होता. हातात घेतला तर आपला बिडाचाच तवा, फक्त कड उंच. गॅसच्या दोन शेगड्यांचा सुटकेससारखा स्टोव्ह असतो, वाऱ्याला आडोसा म्हणून झाकण उभं राहतं. भाजणी कोमट पाण्यात मळली, बटर पेपरवर थालीपीठ थापलं, मधोमध आणि कडेने भोकं पाडून तेल सोडलं. गार हवेत तवा तापायला वेळ लागतो, घाई करायची नाही. कडा सुटून खालून खमंग वास आला की उलटायचं. नातू, जो मिनीॲपोलिसला थालीपिठाला "ब्राउन पिझ्झा" म्हणून नाकं मुरडतो, त्याने चार खाल्ली. चार!

विमानातून नेताना: अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं सगळं फॉर्मवर आणि तोंडी खरं सांगायचं. पिठं, मसाले, पापड यांना सहसा अडचण येत नाही. ताजी फळं-भाज्या, मांस नेऊ नका. ताजा कढीपत्ताही नाही. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने त्याला बंदी आहे.

शाकाहारी असाल तर शेकोटीवर मुलं भाजतात त्या पांढऱ्या मऊ मार्शमॅलोचं पाकीट वाचून घ्या. साध्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात. बिनजिलेटिनचे मिळतात, शोधावे लागतात. भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेट दोन बिस्किटांत दाबून खातात. मला अति गोड वाटलं. ह्यांनी तीन खाल्ले, डॉक्टरांना सांगू नका.

आणि हो, 'कूलर' म्हणजे बर्फ भरून दूध-दही ठेवायचा जाड डबा. हे दोन दिवस वाळ्याच्या कूलरबद्दल बोलणं चाललंय असं समजत होते.

अस्वलं येतात म्हणे?

काळी अस्वलं त्या जंगलात आहेत. आम्हाला दिसलं नाही. पण नियम पाळायचाच: खाण्याची वस्तू तंबूत कधीही न्यायची नाही. एक लिमलेटची गोळीसुद्धा नाही. टूथपेस्ट, सुवासिक तेल, क्रीमही नाही. रात्री सगळं गाडीत, काचा बंद. दिसलंच तर पळायचं नाही, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं.

आमच्याकडे दरोडा घातला तो चिपमंकने. आपल्या खारीची धाकटी बहीण, पाठीवर पट्टे, गालात पिशव्या. टेबलावर चिवड्याचं पाकीट पाच मिनिटं राहिलं, तेवढ्यात खालून कुरतडून फक्त शेंगदाणे वेचून नेले. पोहे तसेच. निवडून खाण्यात नातीच्या वरताण.

डास?

आहेत, आणि मोठे आहेत. जूनमध्ये चावऱ्या काळ्या माशाही असतात, म्हणून जुलैचा शेवट किंवा ऑगस्ट बरा. इथून नेलेल्या मलमाने माझं भागलं नाही. तिथल्या दुकानात डीट असलेलं फवारायचं औषध मिळतं ते घ्या. गोचिडींपासून सावध, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. गवतातून चालून आलात की घोटे, गुडघ्यांची मागची बाजू, कंबर आणि मुलांच्या कानांमागे बघा.

पोहता येतं का?

मी पाय घातला आणि पाच मोजायच्या आत बाहेर काढला. घोटे अक्षरशः दुखायला लागले. एकदम आत पडलं तर श्वास अडकतो, हातपाय चालेनासे होतात. चांगलं पोहणाऱ्यालाही हा धोका आहे. शांत दिसणारं पाणी वाऱ्याने तासाभरात बदलतं. ओल्या खडकांवर शेवाळं असतं. मुलांना एकटं सोडू नका, होडीत बसलात तर लाइफ जॅकेट सगळ्यांना, आजोबांनाही.

पोहायची हौस असेल तर आतल्या बाजूला लहान तळी आहेत, त्यांचं पाणी तापतं.

मग पाच दिवस करायचं काय? मुलं कंटाळत नाहीत?

मुलं दगड फेकतात. अतिशयोक्ती नाही, तासन्‌तास. काठ सगळा चपट्या गोट्यांचा. पाण्यावर टप्पे घेत दगड उडवायचा, आम्ही लहानपणी त्याला भाकऱ्या म्हणायचो. आजोबांनी सात टप्पे काढल्यावर त्यांची जी पत वाढली ती अजून टिकून आहे.

तो खडकही जरा निरखून बघा. काळा, जागोजागी छिद्रं, छिद्रांत पांढरे स्फटिक. मी म्हटलं, हा तर सिंहगडाचा दगड! आहेच तो लाव्हाचा बेसॉल्ट, फक्त आपला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा ११० कोटी. तिथे उत्तर अमेरिका खंड मधोमध चिरू लागला, लाव्हा वाहिला, आणि मग चिरणं थांबलं. त्या खळग्याच्या जागी पुढे हिमनद्यांनी कोरून हे तळं झालं.

बघण्यासारख्या जागांत मला आवडली ती डुलुथ या तळ्याकाठच्या शहरातली बंदराची वाट. तिथे रस्त्याचा पूलच्या पूल लिफ्टसारखा वर जातो आणि खालून जहाज आत येतं. सर्वांत मोठी जहाजं ३०० मीटरच्या वर, म्हणजे डेक्कन क्वीनचे बारा डबे. काठावर उभं राहून हात लांब केला तर लागेल असं वाटतं. लोखंडाचं खनिज न्यायला येतात. जहाजांच्या वेळा बघून जा, नाहीतर नुसता पूल बघून परत याल.

स्प्लिट रॉकचा दीपस्तंभ ४० मीटर उंच कड्यावर आहे. १९०५ च्या नोव्हेंबरातल्या वादळात पुष्कळ जहाजं गेली, त्यानंतर तो बांधला, १९१० मध्ये लागला आणि १९६९ मध्ये बंद झाला. १० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झगेराल्ड हे मालवाहू जहाज याच तळ्यात २९ जणांसह बुडालं. त्यांच्या आठवणीत दर १० नोव्हेंबरला दिवा लावतात. तळ्यात एवढं जहाज बुडतं हे ऐकल्यावर नातू गप्प झाला. त्या दिवशी त्याने लाइफ जॅकेट न सांगता घातलं.

पायऱ्या चढायची तयारी असेल तर उत्तरेला डेव्हिल्स केटल हा धबधबा. नदीची एक धार धबधब्यातून खाली जाते, दुसरी खडकातल्या रांजणात पडते आणि दिसेनाशी होते. लोक वर्षानुवर्षं तर्क लढवत होते. २०१७ मध्ये तिथल्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याने वरचा आणि खालचा प्रवाह मोजून सांगितलं, पाणी थोड्याच अंतरावर पुन्हा नदीत मिळतं. निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्यांना जागा ओळखीची वाटेल. परतीच्या पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत, मी तिसऱ्या बाकावर पाणी पीत बसले होते.

तिथले दगड आणलेत का? लाल अकीक मिळतात ना?

मिळतात, लेक सुपीरिअरचा अकीक हे मिनेसोटाचं राज्यरत्न आहे. पण सरकारी पार्काच्या हद्दीतून दगड उचलायला मनाई. हातात घ्या, ओला करून बघा, परत ठेवा. रस्त्यावरच्या गावांत दुकानांतून विकत मिळतात, तिथून दोन घेतले. लाकडांचंही तसंच: घरून लाकूड न्यायचं नाही, जंगलातलं वेचायचं नाही, पार्कात विकतात ते घ्यायचं. झाडं पोखरणारा किडा लाकडाबरोबर पसरतो म्हणून.

औषधं, विमा, फोन?

औषधं तीन-चार दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलेलं. प्रवासविमा काढाच, आणि आधीपासूनच्या दुखण्यांना तो किती लागू आहे ते बारीक अक्षरात वाचा. फोनला रेंज येते-जाते. "पोचलो" हे डुलुथहूनच कळवून टाका.

रात्री गप्पांचा फड जमवता येतो का?

दहापर्यंत. दहानंतर शांतता, आणि ती लोक पाळतात. आम्ही शेकोटीभोवती भेंड्या लावल्या होत्या, दहाला पाच कमी असताना 'ळ' आला आणि तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू.

तुमचा तंबू आणि बाकीचं सामान उसनं मिळेल का?

तंबू लेकीचा, तो तिकडे गॅरेजमध्ये आहे. खाटही तिथेच. माकडटोपी देते, पण डिसेंबरात आम्हाला लागते. तोपर्यंत धुऊन परत करा.